भास म्हणजे मतिभ्रम नव्हे

इंदूरच्या मराठी घरांतून सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘भास, भ्रम, मतिभ्रम सगळं एकच. ज्याला भास होतात त्याची बुद्धी फिरली. म्हातारपणी हे व्हायचंच, त्याला औषध नाही.’

गोंधळ कुठून आला ते कळतं. आपल्याकडे पेपर हिंदी, दवाखान्यातली बोलीही हिंदी, आणि हिंदीत हॅलुसिनेशनला, म्हणजे भासाला, मतिभ्रम म्हणतात. तो शब्द आपण उचलला आणि मराठी कानांनी ऐकला. मराठीत मतिभ्रम झाला म्हणजे सारासार विचार सुटला. भासात मतीला कुठे जागाच नाही. धातू भास्, म्हणजे प्रकाशणं, दिसणं. भास्करातही तोच आहे. कुणी नसताना हाक ऐकू आली, तर तो भास. अंधारात दोरीचा साप वाटला, तर निदान दोरी होती, तो दृष्टिभ्रम. आणि ‘शेजारी माझ्या चहात विष घालतात’ ही पुराव्यानेही न हलणारी समजूत, तिला मानसोपचारात भ्रम म्हणतात. ऐकू येणं वेगळं, मानून बसणं वेगळं.

बुद्धी फिरली, हे तर साफ चूक. राजेंद्रनगरला राहणाऱ्या माझ्या आत्याला संध्याकाळी पडद्यावर बोटभर उंचीची मुलं दिसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ‘ती खरी नाहीत हे मला कळतं गं,’ असं ती स्वतःच म्हणते. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी 1760 साली आपल्या आजोबांबद्दल हेच लिहिलं: दृष्टी अधू, माणसं-पक्षी दिसतात, बुद्धी मात्र शाबूत. डोळ्यांकडून येणारं कमी झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. बाबा गेल्यावर आईला कित्येक महिने फाटकाशी त्यांची स्कूटर थांबल्याचा आवाज येई. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात भास होतात, खरंच. पण नुसत्या भासावरून तो ठरत नाही.

‘औषध नाही’ हे वाक्य मात्र जिवावर बेतू शकतं. वयस्क माणसाला अचानक भास होऊन तो बरळू लागला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवं औषध, एकाएकी सुटलेली दारू, यांपैकी काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मूळ कारण बरं झालं की भासही बहुधा जातात. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक 14416.

आत्याची डोळ्यांची तपासणी येत्या सोमवारी आहे. हा संदेश वाचून तिने चार महिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.