बाभळीच्या शेंगांनी गुडघ्यातलं 'वंगण' परत येतं?

"गुडघ्यातलं वंगण संपलं की गुडघे दुखतात. बाभळीच्या शेंगांची पूड रोज घ्या, वंगण पुन्हा तयार होईल. जास्त चालू नका, गुडघे झिजतात. ऑपरेशन करू नका, दहा वर्षांत सांधा निकामी होतो." व्हॉट्सॲपवर हा मजकूर थोड्याफार फरकाने फिरतच असतो.

पहिलंच वाक्य उलटं आहे. निरोगी गुडघ्यात चमचाभरसुद्धा द्रव नसतो. उलट दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो बऱ्याचदा वाढतो. डॉक्टर सुईने जे 'पाणी' काढतात, ते हेच. त्याचा चिकटपणा कमी होतो, हे खरं. पण खरी झीज होते ती हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची, म्हणजे गुळगुळीत आवरणाची. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती गेली की सहसा भरून येत नाही.

शेंगांच्या पुडीने कूर्चा परत आल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मग अनेकांना बरं कसं वाटतं? हे दुखणं मुळातच कमी-जास्त होतं. माणूस ठणका असह्य झाला की पूड सुरू करतो आणि उतार पडला की श्रेय पुडीला देतो. एवढ्यावर भागलं तर ठीक. मला भीती वाटते ती दोन दिवसांत आराम देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांची. अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ते बराच काळ पोटात गेलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो सांधाही जाऊ शकतो. म्हणजे गुडघ्यासाठी पूड आणि खुब्याचं ऑपरेशन.

चालणं बंद करा, हा सल्ला तर घातकच. कूर्चा स्पंजासारखी असते. दाब पडतो-सुटतो तेव्हाच तिला पोषण मिळतं. बसून राहिलं की मांडीचे स्नायू आटतात आणि भार सांध्यावर येतो. वजन जास्त असेल तर कमी करा: एक किलो घटलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असं 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं.

राहिलं ऑपरेशन. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार पूर्ण बदललेल्या शंभरातले सुमारे 82 गुडघे 25 वर्षं टिकतात. मात्र तरुण वयात केलं तर पुन्हा करावं लागण्याची शक्यता वाढते, आणि नंतर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं बहुतेकांना टाळावं लागतं. खर्चाचं म्हणाल तर 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. हॉस्पिटलचं बिल अर्थातच वेगळं.

सगळ्यात मोठी चूक मजकुरात न लिहिलेल्या गोष्टीत आहे: सगळी सांधेदुखी झिजेची नसते. हातांची बोटं, मनगटं सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो. त्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि लवकर सुरू व्हावी लागतात. शेंगा कुटण्यात वर्ष गेलं आणि बोटं वाकडी झाली, तर नंतर औषधाने ती सरळ होत नाहीत.