मावशीचा स्पीकर मराठीत बोलायला लागला

मुंबईत सिटीलाइटच्या मंडईत माझी एक मावशी बसते. मासेवाली. पंचवीसेक वर्षं बोंबील-मांदेली मी तिच्याकडूनच घेते. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा तिने मला पंधरा दिवस उधारीवर मासे दिले, पण मोबाइलवर पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना. पुढे भाच्याने क्यूआर कोडचा कागद आणून पाटीजवळ लावला, तरी हिचं एकच पालुपद, "ताई, रोख असतील तर बघ ना." आम्ही शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की मावशीला नवीन काही नको असतं.

ते साफ चूक होतं. आपण लोकांवर असे शिक्के किती सहज मारतो, हे मला तिच्यामुळे कळलं.

तिच्या जागी बसून बघा. हात ओले, बोटांना खवलं चिकटलेली. समोर चार जणी घासाघीस करतायत. फोन कमरेच्या पिशवीत. पैसे आल्याचा मेसेज येणार तो इंग्रजीत, आणि गर्दीच्या वेळी कधी अर्ध्या तासाने. तोवर गिऱ्हाईक आपला फोन तिच्या नाकासमोर धरून "गेले बघ" म्हणतं आणि पिशवी उचलून चालायला लागतं. एकाने असाच जुना स्क्रीनशॉट दाखवून साडेसातशेची पापलेटं नेली. तिची त्या दिवसाची कमाईच गेली. नोट तिला बोटांना कळते, खोटी असली तरी कळते. हे पैसे आले की नाही, तेच तिला कळत नव्हतं. मग तिने विश्वास कशावर ठेवायचा?

२०१९ साली पेटीएमने दुकानदारांसाठी साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर आणला, मागोमाग इतर कंपन्यांनीही. मावशीकडे तो बऱ्याच उशिरा आला. सुरुवातीला हिंदीत बोलायचा. कंपनीचा मुलगा फेरीला आला तेव्हा तिने त्याला उभं करून भाषा बदलून घेतली. आता "दोनशे रुपये मिळाले" असं ऐकू आलं की मान वर न करता ती पुढचा वाटा भरायला घेते. तिचं बघून शेजारच्या दोघींनीही स्पीकर घेतले. त्यांना कुणी जाहिरात दाखवली नव्हती, त्या रोज हाताच्या अंतरावर बसून ऐकत होत्या.

मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची ही व्यवस्था, यूपीआय, एनपीसीआयने (भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने) एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. ही संस्था आपल्या मुंबईतलीच, वांद्रे-कुर्ला संकुलातली. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याच्या व्यवहारांची संख्या पहिल्यांदा हजार कोटींच्या वर गेली. या यशाचं श्रेय तंत्रज्ञानाला मिळतं, स्वस्त इंटरनेटला मिळतं, २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं त्यालाही मिळतं. सगळं खरं आहे. पण मावशीच्या बाबतीत यूपीआय आधीही होतं, फुकटही होतं, तरी तिने ते दूर ठेवलं. पैसे आल्याचा निरोप तिला कळेल अशा भाषेत, ऐकू येईल असा, त्याच क्षणी पोचायला लागला तेव्हाच ती व्यवस्था तिची झाली. निरोप पोचवणं हा शोधाचाच भाग असतो. वस्तू तयार झाल्यावर वरून जाहिरातीचा रंग फासला की काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक जुना अभ्यास आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी तो १९४३ साली प्रसिद्ध केला. मक्याचं संकरित बियाणं तिथे १९२८ च्या सुमारास आलं होतं. पीक जास्त, दुष्काळात तग धरणारं. तरी त्यांनी गाठलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी ते घ्यायला वर्षानुवर्षं लावली. १९४१ पर्यंत मात्र दोघे सोडून सगळ्यांनी घेतलं होतं. बियाण्याची बातमी सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून कळली होती, पण पेरायचं मन झालं ते मुख्यतः शेजाऱ्यांमुळे. ऐकणं आणि पटणं यांच्यामध्ये शेजारी उभा असतो. मंडईत मी तेच बघितलं.

आता माझ्या नोकरीतलं सांगते, कारण हीच गोष्ट मी आतून अनुभवली आहे. परळच्या एका पतसंस्थेत मी लेखापाल होते. आमचे पिग्मी एजंट रोज दुकानोदुकानी, घरोघरी फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करायचे आणि खातेदाराच्या कार्डावर रक्कम लिहून सही करायचे. मग संस्थेने हातात धरायची मशीन आणली. रक्कम टाकली की पावती बाहेर. हिशेब चोख, माझं रात्रीचं काम निम्म्यावर. परिपत्रक निघालं: यापुढे कार्डावर नोंद करू नये.

दोन-तीन महिन्यांत पिग्मीची रक्कम घसरायला लागली. सभेत एजंटांना झापलं गेलं, "तुम्हाला बदल नको आहे, जुनी सवय सुटत नाही." सगळे खाली मान घालून बसले. सभेनंतर चहाच्या वेळी एक एजंट माझ्या टेबलाशी आला. शर्टाच्या खिशातून चार पावत्या काढून पुढे ठेवल्या. चारही कोऱ्या. मशीनच्या गुळगुळीत कागदावरची छपाई उन्हाने, घामाने उडून गेली होती. म्हणाला, "मॅडम, वडापाववाला विचारतो, माझे पैसे कुठं लिहिलेत? मी काय दाखवू?"

त्याला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याच्यासारख्या सगळ्यांनाच कळलं होतं. पण वरून खाली परिपत्रक यायची वाट होती, खालून वर बोलायची वाटच नव्हती. मी टिपण करून त्या पावत्यांसकट संचालक मंडळापुढे ठेवलं. मशीन राहिली, कार्डही परत आलं. महिन्याची एकूण रक्कम कार्डावर लिहून शिक्का मारायचा असं ठरलं. दर शनिवारी अर्धा तास एजंटांशी बसायचं हेही ठरलं. पहिले दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्याला एकाने मशीनची बॅटरी दुपारीच संपते हे सांगितलं, आणि आम्ही दुसरी बॅटरी दिली. त्यानंतर मात्र शनिवारचा अर्धा तास पुरेना. माणसं तीच होती. आपण सांगितलेलं कुठेतरी पोचतं, एवढं कळल्यावर ती वेगळी वागायला लागली.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या इमारतीतले काका. गिरणीत नोकरी केलेले, अत्यंत काटेकोर. त्यांना फोन आला, शुद्ध मराठीत, आदराने: "काका, तुमचं लाइट बिल भरलेलं दिसत नाही, रात्री कनेक्शन कापलं जाईल, मी मदत करतो." काकांचे साठवलेले पैसे गेले. त्यांच्या बँकेने सावधगिरीचे मेसेज पाठवले होते का? पाठवले होते, सगळे इंग्रजीत. काकांना वाटलं कर्जाची जाहिरात असेल.

चोर मराठीत बोलतो, बँक इंग्रजीत. या एका गोष्टीने माझा जीव जळतो. गिऱ्हाइकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाच्या भाषेत असावं, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचनाच आहे. मग खातेदाराची आयुष्याची कमाई ज्या मोबाइलवर आली, तिथे ती भाषा का नसावी? मावशीच्या स्पीकरला जमतं ते बँकेच्या मेसेजला न जमण्यासारखं त्यात काय आहे? तुमच्या बँकेत जाऊन मेसेज मराठीत मागा. लेखी मागा आणि पोच घ्या.

तोवर मी एक कागद लिहून इमारतीच्या फलकावर लावला आहे. मोठ्या अक्षरात दोनच ओळी: "पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा." काल मंडईत मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मलाबी एक दे. प्लास्टिकमध्ये घालून दे पण, इथं पाणी उडतं."