आमच्याकडे सगळं होतं

चैत्र पाळायचा तर आधी व्याकरण पक्कं करून घ्या. "मी गुढी उभारतो", या वाक्याला कर्ता लागतो आणि तो तुम्हीच असता. तिथून पुढे मात्र कर्त्याला महिनाभर रजा. आमच्याकडे गौर बसते. डाळ होते, पन्हं होतं, हरभरे भिजतात, दारात चैत्रांगण निघतं. मराठीइतकी सोयीची भाषा या बाबतीत दुसरी नसावी. कोण करतं याचा उच्चारही न करता पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सगळं पार पडतं. ऑफिसात कुणी कौतुकानं विचारलं, "तुमच्याकडे अजून करतात का हो हे सगळं?" की नजर किंचित खाली झुकवायची आणि म्हणायचं, "हो, आमच्याकडे सगळं होतं." मी हे वाक्य २२ वर्षं वापरतोय. अजून एकानंही पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

आता पाडवा. तयारी आदल्या संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून सुरू होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या बाजारात शिरणं हे काम नव्हे, ते शौर्य आहे. असल्या गर्दीत बायकोला एकटीला पाठवू नये. सोबत जावं आणि कोपऱ्यावर स्कूटर धरून उभं राहावं. ती गाठी, कडुलिंबाची डहाळी, झेंडूचा हार आणि आंब्याचा टाळा घेऊन घामाघूम परत आली की पिशव्यांकडे बघून विचारावं, "एवढा वेळ?"

सकाळी तुम्ही उठाल तेव्हा वेळूची काठी माळ्यावरून उतरलेली, धुतलेली, पुसलेली असेल. तांब्या घासलेला असेल. (पितांबरी आपल्या ठाण्याची, हा विषय तांब्या घासणाऱ्या माणसाशी अवश्य काढावा.) खणाच्या निऱ्या घातलेल्या असतील, सुतळी हाताशी असेल. तुम्ही आंघोळ करून यायचं, सोवळं नाही तर निदान कुर्ता, आणि काठीला हात लावायचा. हात लावतानाचा फोटो महत्त्वाचा आहे. तो काढायला बायको लागेल, त्यामुळे ती फोटोत नसेल. त्याला इलाज नाही.

आम्ही पूर्वी नौपाड्यात तीन मजली इमारतीत राहायचो. गॅलरीच्या लाकडी कठड्याला गुढी बांधली की रस्त्यावरून जाणारा माणूस हात जोडायचा. पुनर्विकास झाला आणि तीच जागा चौदाव्या मजल्यावर गेली. तिथे गुढीला येणारा वारा पाडव्याचा नसून पावसाळ्याचा असतो. परवाच्या साली माझी गुढी सव्वानऊला वाकली आणि तांब्या सुटून खालच्या मजल्यावरच्या एसीच्या डब्यावर आपटला. आवाज असा, की खालचे गृहस्थ अर्ध्या दाढीनं बाहेर आले. असा प्रसंग आला तर घाबरू नका, कर्त्याला रजेवरून परत बोलवायची हीच वेळ. स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगावं, "तांब्या हिनं बांधला होता."

कडुलिंबाची चटणी मोहरीएवढी घ्यावी आणि तिच्या औषधी गुणांवर मुलांना दहा मिनिटं सांगावं. मुलं खात नाहीत, पण ऐकतातही असं नाही. मग पंचांग वाचावं, मोठ्यानं, कारण आत एक्झॉस्ट फॅन चालू असतो आणि शिवाय फोडणी तडतडत असते. यंदा १९ मार्चला शके १९४८ लागलं. संवत्सराचं नाव निघालं पराभव. मी वाचलं, "पराभव नाम संवत्सर." आतून एवढंच आलं, "कुणाचा?" मी पुढचं पान उलटलं. पुढच्या पानावर चांगली बातमी होती. यंदा ज्येष्ठ अधिक. अधिक महिना म्हणजे जावयाला ३३ अनारशांचं वाण. धर्मशास्त्रात पुरुषांच्या कष्टांची दखल घेतली गेलेली आहे ती अशी.

नंतर स्वागतयात्रा. या यात्रेचं वेड १९९९ साली डोंबिवलीनं लावलं, ही गोष्ट ठाणेकरानं स्वतःहून बोलायची नसते. कौपिनेश्वराची पालखी निघते, ढोल-ताशा असतो, लेझीम असतं, चित्ररथ असतात. फेटा बांधलेले तुम्ही असता. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका समोरून गेल्या की टाळ्या वाजवाव्यात, व्हिडिओ काढावा, 'नारीशक्ती' असं लिहून पुढे पाठवावा आणि त्याच फोनवरून घरी विचारावं, "पुऱ्या तळायला घेतल्या का? आम्ही चौघं आहोत."

श्रीखंडानंतर झोप येते, हा निसर्ग आहे. सूर्यास्ताच्या आधी गुढी उतरवायची असते. काळजी करू नका. ती उतरते.

तिसऱ्या दिवशी गौर बसते, पितळी झोपाळ्यात. ती अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते, म्हणजे चांगली महिनाभर. माहेरवाशीण आहे, तिला रोज काहीतरी लागतं आणि ते लागतं हे तुम्हाला कळायचं कारण नाही. आमची आई अजून दारात चैत्रांगण काढते. वयामुळे गुडघे वाकत नाहीत, म्हणून पाटावर बसून, एक हात फरशीवर टेकवून. सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मं, कासव, नाग, फणी, करंडा, मग झोपाळ्यातली गौर. कासवाची पाठ तिला दरवेळी नीट जमत नाही, ती पदरानं पुसून पुन्हा काढते. हे मी पाहिलंय, कारण मला ओलांडून ऑफिसला जायचं होतं. साडेसातला झाडू-पोछावाला पोऱ्या मजल्यावर येतो आणि फडक्याच्या एका फेरीत कासवासकट सगळं नेतो. म्हणून फोटो सातला काढून ठेवावा. खाली लिहावं, "आमच्याकडचं चैत्रांगण." 'कडचं' हा प्रत्यय फार गुणी आहे.

आता हळदीकुंकू. मंगळवार किंवा शुक्रवार पाहून हे होतं. तुमच्या भक्तीची खरी परीक्षा इथे आहे, कारण या दिवशी तुम्हाला डाळ चाखावी लागते.

ती डाळ कशी होते ते मी एकदा मुद्दाम दारात उभं राहून पाहिलं. हरभऱ्याची दोन किलो डाळ सकाळपासून भिजत होती. दुपारी ती उपसून चाळणीत निथळत ठेवली. मिक्सरच्या भांड्यात एका वेळी जेमतेम दोन वाट्या बसतात. फिरवायचं तेही सलग नाही, बटण पुढे-मागे करत, कारण भरड राहायला हवी. पीठ झालं की गेली. दर चार फेऱ्यांनी मिक्सर तापतो, मग तो निवेपर्यंत कैऱ्या किसायच्या. कैरी किसताना शेवटी हातात कोय आणि बोटांची सालं एवढंच राहतं. बायकोच्या अंगठ्याला किसणी लागली होती आणि त्यावर कैरीचा रस. ती "स्स" म्हणाली आणि अंगठा नळाखाली धरला. मग मीठ, साखर, ओला नारळ, कोथिंबीर, हिंग-हळदीची फोडणी, वरून सुक्या मिरच्या. गॅसवर दुसरीकडे पन्ह्याच्या कैऱ्या उकडत होत्या. एप्रिल होता. स्वयंपाकघरातला पंखा फोडणीसाठी बंद होता.

मग वाटीत चमचाभर डाळ माझ्यापुढे आली. मी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली, आणि सावकाश म्हणालो, "मीठ जरा..."

तुम्हीही एवढंच म्हणा. जास्त की कमी ते सांगू नका. त्यानं अधिकार राहतो.

शास्त्रही तुमच्याच हातात ठेवा. खालच्या काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. यादीत त्यांचं नाव पाहून मी म्हणालो, "शास्त्रात बसतं का बघा." कुठल्या शास्त्रात, ते मला माहीत नव्हतं, आणि तसं ते माहीत असावं लागत नाही. बायकोनं यादीवरून नजर न उचलता म्हटलं, "अहो, शास्त्रात नाही बसलं तर सोफ्यावर बसवू." त्या संध्याकाळी पहिलं कुंकू काकूंनाच लागलं, असं मला नंतर आईकडून कळलं. आईनं लावलं होतं. अशा वेळी पुरुषानं म्हणावं, "आमच्याकडे असले भेद पाळत नाहीत."

रामनवमीला जन्म दुपारी बाराला असतो, तेव्हा तुमची मीटिंग असते. सुंठवडा रात्री मिळतो. हनुमानजयंतीला सूर्योदयापूर्वी मारुतीला जायचं, तर गजर तुम्ही लावावा आणि बंद बायकोनं करावा. आमच्या शेजारचे गृहस्थ मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. ते चैत्रात एकवीरेच्या पालखीबरोबर पार कार्ल्यापर्यंत चालत जातात. मला असल्या भक्तीविषयी नितांत आदर आहे. तिच्यात स्वतः चालावं लागतं, एवढाच तिचा दोष.

राहिली हळदीकुंकवाची संध्याकाळ. त्या वेळी पुरुषांनी घरात थांबायचं नसतं. हा त्याग आहे आणि तो त्यागासारखाच करावा, म्हणजे उंबऱ्यात दोनदा थांबून, "मग मी जाऊ ना?" असं विचारून. तलावपाळीवर गेलात तर मासुंदा तलावाच्या कठड्यालगतच्या बाकांवर त्या काळात आमच्यासारखे बरेच भेटतील. मंगळवारचे वेगळे, शुक्रवारचे वेगळे. हातात फोन, समोर बोटी, बोलायचे विषय पाणीकपात आणि घोडबंदरचं ट्रॅफिक. भेळ खाऊ नये, घरी डाळ आहे. पाऊणेक तासानं एकेकाचा फोन वाजतो. "या आता." मग एकेक जण उठतो, आणि उरलेले त्याच्याकडे थोडं हेव्यानं बघतात.

गेल्या खेपेला माझा वाजला नाही. आठ झाले, साडेआठ झाले, बाकावर मी एकटा उरलो. नऊला उठून घरी गेलो. लिफ्टमधून बाहेर आलो तर आमच्या दारात अत्तराचा वास होता आणि पन्नास चपलांमधल्या आठ-दहा जोड्या अजून तिथेच. दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, तिच्या शेजारी खालच्या काकू, जमिनीवर चार-पाच जणी भिंतीला टेकून. मधे पातेलं. त्यातली खरवडलेली डाळ त्या बोटांनीच खात होत्या. बायको कुणाची तरी नक्कल करत होती. डोळे मिटलेले, जीभ टाळ्याला लावलेली, चमचा हवेत. काकू तर पदरानं डोळे पुसत होत्या, इतकं हसू आलं होतं त्यांना. बायकोला इतकी मोठ्यानं हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

माझा पाय चपलेला लागला. कुणीतरी म्हणालं, "आले वाटतं," आणि आतला आवाज गपकन बसला. पदर सावरले गेले. पाय खाली आले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करावं, याबद्दल शास्त्रात काही सापडत नाही. मी लिफ्टचं बटण दाबलं. खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी अर्धा तास काढला. त्यानं विचारलं, "साहेब, आज तुमच्याकडे काय होतं?"