स्टोव्हचा फोटो दाखवून बंबाची बाजू घेता येत नाही

खानापूर-बेळगावकडे नवं स्लॅबचं घर उठलं की एक वाद ठरलेला: न्हाणीतला बंब ठेवायचा की काढायचा? ठेवा म्हणणारे जर्मनीतल्या काचेच्या दाराच्या स्टोव्हचा फोटो पुढे करतात. "तिकडं लाकडं जाळत्यात न्हवं, मग आमच्या बंबालाच का नावं ठेवतासा?" काढा म्हणणारे सांगतात, तिकडं सगळं हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेने घरात ओढणाऱ्या यंत्रावर चालतं, आणि आपल्याला कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे, गिझर लावून टाका. दोघंही इथल्या, म्हणजे मी राहतो त्या जर्मनीतल्या घराचा दाखला देतात. ते घर चालतं कसं, हे कुणी विचारत नाही. याची मला चीड येते.

इथल्या अनेक नव्या घरांत दोन्ही असतात, पण कामं वाटलेली असतात. १४० चौरस मीटरच्या चांगल्या बांधलेल्या घराला उणे १२ अंशांतही ५ ते ६ किलोवॅट उष्णता पुरते. ती हीट पंप ३५ अंशांच्या पाण्याने फरशीखालून देतो. त्यात दिवाणखान्याचा वाटा जेमतेम दीड किलोवॅटचा. तिथे आठ किलोवॅटचा स्टोव्ह बसवला की तासाभरात खिडक्या उघडाव्या लागतात. चार किलोवॅटचा, दगडाने जड केलेला स्टोव्ह घ्यावा. तो उष्णता साठवून हळूहळू सोडतो. हीट पंपाचा मुख्य थर्मोस्टॅट त्या खोलीत कधीही लावू नये. स्टोव्ह पेटला की थर्मोस्टॅट पंपाला थांबवतो आणि निजायच्या खोल्या गारठतात. एस्ट्रिश, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, एकदा थंड झाला की पुन्हा तापायला अर्धा दिवस जातो. पंप बाहेरच्या तापमानावर चालवावा आणि बाथरूमच्या फरशीखालच्या नळीचं वेटोळं कायम उघडं ठेवावं, म्हणजे पाण्याचा प्रवाह तुटत नाही.

स्टोव्हमध्ये पाण्याची टाकी घालून दोन्ही यंत्रं एकाच बफरला, म्हणजे गरम पाणी साठवायच्या टाकीला, जोडायची हौस अनेकांना असते. मी ती करू नका असंच सांगतो. स्टोव्हकडे परतणारं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर आत डांबर धरतं. हीट पंपाला हवं ३५ अंशांचं. बफर ७० वर गेला आणि ते पाणी पंपाकडे परतलं की तो उच्च दाबावर बंद पडतो. मग मिक्सिंग व्हॉल्व्ह, वेगळा पंप, आणि वीज गेल्यावर पाणी उकळू नये म्हणून ९५ अंशांना आपोआप उघडून थंड पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, एवढं सगळं आलं.

खरा मुद्दा हवेचा आहे, आणि फोटोत हवा दिसत नाही. घट्ट घरात स्टोव्हला जळायची हवा बाहेरून वेगळ्या नळीने देतात. स्वयंपाकघरातला पंखा किंवा वायुवीजन खोलीतली हवा ओढू लागलं आणि दाबाचा फरक ४ पास्कलवर गेला, तर दाबमापक ते बंद करतो. एवढ्याशा ओढीनेही धूर घरात फिरू शकतो. शॉर्नश्टाइनफेगरची, म्हणजे धुराडी तपासणाऱ्या अधिकृत माणसाची, सही झाल्याशिवाय पहिली काडीसुद्धा पेटवता येत नाही.

आता हेच गावाकडे लावा. मंगळुरी कौलांच्या घरात फटींतून हवा यायची, म्हणून बंब धुरकटला तरी जिवावर बेतत नसे. स्लॅब, स्लायडिंग खिडक्या, घट्ट दार आणि एक्झॉस्ट फॅन असलेल्या न्हाणीत तोच बंब कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. बंब मागच्या पडवीत, उघड्यावर ठेवा, धुराडं स्लॅबच्या वर काढा, आणि बंबाचं पाणी भरायचं तोंड किंवा हवेची नळी उघडी असू द्या. बंद पाइपलाइनला जोडलेला बंब फुटू शकतो.

गिझरवाल्यांनीही हिशेब करावा. रोज २०० लिटर पाणी २२ वरून ५० अंशांवर न्यायला साडेसहा युनिट लागतात. महिन्याला १९५, गृहज्योतीची मर्यादा पाण्यातच संपली. त्यातही प्रत्येकाला २०० मिळत नाहीत. आपला जुना सरासरी वापर आणि वर थोडी भर, तेवढंच फुकट. पाण्याचा हीट पंप तेच काम सव्वादोन युनिटच्या आसपास करतो, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, जेव्हा छतावरचा सोलर लंगडा पडतो, तेव्हा दमट कोमट हवा त्याला मानवते. बोअरच्या जड पाण्याने टाकी खराब होते, म्हणून आतली मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासा. वीज गेली की बंब आहेच. तो काढून टाका असं मी कधीच म्हटलेलं नाही.

"परदेशात बसून आम्हाला शिकवू नकोस" हे उत्तर मला माहीत आहे. ते लागतं. सीमाभागातला माणूस पुण्यात कर्नाटकचा ठरतो आणि बेंगळुरूत महाराष्ट्राचा. १९५६ पासून आपण कुठले, हे आपणच सांगत आलोय. इथे ते सांगावं लागत नाही, इथे मी सरळ परका आहे. गावात मात्र मला परकं व्हायचं नाही. म्हणून बंबाच्या वादात माझा आवाज जरुरीपेक्षा चढतो, हे मला कळतं. धुराडं कुठे काढायचं हे सांगताना तरी त्या घरात माझं काही आहे, असं वाटतं.

आणि जळण. निलगिरी असो की काजूची छाटणी, संक्रांतीनंतर फोडा, मिरगाच्या आधी पत्र्याखाली रचा, बाजू उघड्या ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ते जाळू नका. ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावामापक टोचा. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला तरच बंबात घाला.