गेटवर उभी असलेली गाडी कुणाच्या कामावर असते?

आज डोकं तापलंय. आत्ता जेवणं उरकली आणि लिहायला बसले, कारण हे पोटात ठेवून झोप लागणार नाही.

दुपारी कारखान्याच्या कामासाठी मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले होते. टॉवेलच्या गाठींच्या भाड्याचा हिशोब मिटवायचा होता. माझ्यापुढं एक ट्रक ड्रायव्हर उभा होता, पंचविशीतला असेल. लाइनवरून, म्हणजे लांबच्या खेपेवरून आलेला, डोळे लाल, हातात पोहोचेचे कागद. मॅनेजरला म्हणाला, "साहेब, माल उतरवायला गाडी तीन दिवस गेटवर उभी होती की वो. त्याचं काहीतरी धरा." मॅनेजरनं मानही वर केली नाही. "गाडी उभी, तू झोपलेला. झोपायचे पैसे कुठं देतात काय?" बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले. पोरानं सही केली, नोटा मोजल्या आणि गेला.

मी तिथं बोलायचं ते बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. पण भांडणात जे नीट सांगता येत नाही, ते आता सांगते.

माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी गाडीवर आहे. सोलापूरच तसं. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, सांगली, सगळीकडचे रस्ते इथं येऊन मिळतात. आमच्या घरात तर दोघं होते. वडील, म्हणजे अण्णा, लाइनवर. धाकटे चुलते, आप्पा, लोकलला, म्हणजे आसपासच्याच कामाला. मालक एकच. त्यामुळं लाइन आणि लोकल यातला फरक मला कुणी शिकवायला नको, तो आमच्या ताटात दिसायचा.

आप्पा सकाळी डबा घेऊन जायचे. एमआयडीसीतनं माल उचलायचा, गोडाऊनला टाकायचा, फार तर मोहोळ किंवा तुळजापूर करून यायचं आणि रात्री घरी. महिन्याचा पगार ठरलेला. कुठल्या कारखान्यात माल तयार नसला आणि गाडी दुपारभर सावलीला उभी राहिली, तरी तो दिवस पगारातच धरलेला. अण्णांना मात्र खेपेचे पैसे. चेन्नई असो, बेंगळुरू असो, खेप पुरी झाली की इतके इतके, वर रोजची खुराकी, म्हणजे खाण्याजेवणाचे पैसे, आणि डिझेल वाचवलं तर त्यातलं थोडं. गाडी पळाली तर पैसा. थांबली की संपलं.

मी शाळेत असतानाची एक दिवाळी सांगते. अण्णा कारखान्याची साखर भरून तमिळनाडूत गेले होते. आपल्याकडं दिवाळीत पाऊस सरलेला असतो, तिकडं तेव्हाच तो सुरू होतो. साखरेची पोती पावसात कोण खाली करणार? त्यात हमाल दिवाळीला गावी. गाडी गोडाऊनच्या गेटवर उभी राहिली ती राहिलीच. इकडं आप्पांनी लक्ष्मीपूजन केलं, आम्हा पोरांना फटाके आणले, आई सारखी रस्त्याकडं बघत होती.

आता तुम्ही सांगा, त्या गेटवर अण्णा काय करत होते? झोपले होते? रात्री पाऊस वाढला की उठून ताडपत्रीवर साठलेलं पाणी काठीनं खालून ढकलायचं. रस्सा सैल पडला की पुन्हा आवळायचा. गाडीखाली कुणी घुसलं का, डिझेलच्या टाकीला कुणी हात लावला का, हे बघायचं. बरोबर क्लिनर होता, तो तापानं फणफणलेला. अण्णा बाथरूमला गेले तरी लांबून गाडीवर डोळा. आणि आल्यावर हिशोबात काय झालं? भिजलेल्या पोत्यांचे पैसे कापले. थांबल्याचे दिले किती? काहीच नाही. खुराकीसुद्धा ठरलेल्या दिवसांचीच दिली.

म्हणजे पोतं भिजलं तेव्हा अण्णा कामावर होते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा सुट्टीवर होते.

ह्याच गोष्टीचा मला संताप येतो. आज दुपारी त्या पोराकडं बघून मला तीच साखर आठवली.

कायदा नाही म्हणता? 1961 सालीच झाला. मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याच्या मार्गाला सूट दिली तरी दिवसाला 10 आणि आठवड्याला 54, त्यापुढं नाही. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दर. आणि कामाचे तास कुठले? तर कामगार मालकाच्या किंवा त्याच्याकडून काम घ्यायचा हक्क असलेल्या माणसाच्या दिमतीला असतो तो वेळ. माल चढवणं-उतरवणं हे जोडकामही त्यात आलं. आता त्या गेटवर अण्णा कुणाच्या दिमतीला होते? आमच्या तर नव्हते!

त्या कायद्यात एक फाटा होता, तोही सांगते, नाहीतर कुणीतरी वकील येऊन मला शिकवेल. ठिकाणावर नुसती हजेरी असेल तर पंधरा मिनिटांच्या आतलीच मोजायची, असं त्यात होतं. बरं. पण पावसात मध्यरात्री ताडपत्री ओढणं ही नुसती हजेरी होते का?

शिवाय हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, त्यांचा ड्रायव्हर पहिल्यापासून बाहेरच. आणि आता त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली, 2020 ची, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जादा कामाला दुप्पट तिथंही आहे. पण कामगारांची अट पाचाची दहा झाली. वाचलं तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. आधीच जाळ्याला भोकं होती, ती अजून मोठी केली.

लोकलवाल्याचं सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. शहरात जड गाड्यांना वेळेची बंदी असली की तो रात्रीपर्यंत रखडतो, आणि जादा तासांचे दुप्पट पैसे आप्पांनाही कधी मिळाले नाहीत. चहापाण्याला म्हणून मालक काहीतरी हातावर ठेवायचा. पण ठेवायचा! कारण आप्पा त्याच्या डोळ्यांसमोर दमलेले दिसायचे. अण्णा कुठं दमले ते कुणी बघितलंच नाही. आम्हीसुद्धा नाही. ते घरी यायचे तेव्हा दोन दिवस नुसते झोपायचे आणि शेजारचे म्हणायचे, लाइनवाल्याचं बरं असतं, आठवड्यातनं दोन दिवस सुट्टी.

महिनाअखेर लाइनवाल्याच्या हातात लोकलपेक्षा जास्त नोटा दिसतात, हे खरं आहे. मान्य. पण त्या नोटांना तासांनी भागून बघा. केबिनमध्ये काढलेली प्रत्येक रात्र धरून भागा. मग बोला.

सोयरिकीत बायका बरोबर ओळखतात. मुलगा ड्रायव्हर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न हाच असतो, लाइनवर का लोकल? लोकल म्हटलं की चहा येतो.

आणि आता तर न दिसण्याचं कारणही उरलेलं नाही. गाडीला जीपीएस आहे. गाडी कुठं, किती वाजता, किती वेळ थांबली, हे मालकाला मोबाइलवर बसल्या जागी दिसतं. फास्टॅगवर टोलनाक्याची वेळ मिनिटासकट येते. ढाब्यावर अर्धा तास जास्त झाला की फोन येतो, "का थांबलास रे?" मग तीच गाडी तीन दिवस गेटवर थांबते तेव्हा तो फोन का येत नाही? ड्रायव्हरला पकडायला जे यंत्र चालतं, ते त्याला पैसे द्यायला का चालत नाही? मला ह्याचं उत्तर पाहिजे.

माल नेताना सरकारचं ई-वे बिल बरोबर लागतं, त्याच्या मुदतीत साध्या मालाला 200 किलोमीटरमागं एक दिवस धरतात. हजार किलोमीटरला पाच दिवस. आणि आपल्या पोरांना सांगायचं, परवा सकाळी गेटवर पाहिजेस. पोरगं रात्रभर गाडी हाकत जातं, वेळेत पोहोचतं, आणि तिथं वॉचमन सांगतो, लाइनला लागा, तुमच्यापुढं बावीस गाड्या आहेत. पळताना एक मिनिट सोडत नाहीत, पोहोचल्यावर तीन दिवस गेले तरी कुणाचं काही जात नाही.

2021 मध्ये नितीन गडकरी म्हणाले होते की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही गाडी चालवायचे तास ठरले पाहिजेत. ऐकून मला बरं वाटलं होतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिनही सक्तीची झाली, ती तर पाहिजेच, सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं केबिनमध्ये काढलाय त्याला विचारा. पण गेटवर उभ्या गाडीत एसी लावायला इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि डिझेल जळालं तर त्याचं कापतात. परत तेच की हो!

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. मघाशी त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, इकडं ड्रायव्हर लई कमावतात." कमावत असतील. मग मीच त्याला थोडं शोधायला लावलं. तिकडंही आठवड्याला 40 तासांपुढं दीडपट देण्याचा जो 1938 चा कायदा आहे, त्यातनं एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात मोठे ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरना वगळलेलं आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच ड्रायव्हरना मैलावर पैसे, लोकलवाल्याला बहुतेक ठिकाणी तासावर. एक गोष्ट मात्र तिथं आहे. गाडी चालवायचे तास दिवसाला 11, त्यापुढं चालवायची नाही, आणि ते तास गाडीतलं यंत्र नोंदवतं. भाचा गप्प झाला. मीही झाले. इतक्या लांबच्या श्रीमंत देशातसुद्धा लांब जाणाऱ्या माणसाचं थांबणं फुकटात काढायची सवय आहे, हे ऐकून मला धीर आला नाही, उलट वाईट वाटलं.

मालकांची बाजू एका ओळीत लिहिते. त्यांचं भाडं दोन-दोन महिने अडकतं, आणि डिझेल, टोल, टायर, बँकेचा हप्ता मात्र रोख लागतो. ठीक आहे. पण मग ज्याचा माल आहे त्याच्याकडं मागा ना! गोडाऊनला जागा नाही म्हणून त्यानं आपल्या गाडीचं फुकटचं गोडाऊन केलंय, आणि भाडं कोण भरतंय? ड्रायव्हर, स्वतःच्या झोपेतनं. मोठ्या पार्टीपुढं तोंड उघडत नाही आणि पंचविशीतल्या पोरापुढं जीभ चालते, ह्याला व्यवहार म्हणायचा का?

लिहिता लिहिता अण्णा येऊन बसलेत शेजारी. आता घरीच असतात, गुडघे गेलेत, क्लचच्या पायाचा जास्तच. त्यांना वाचून दाखवलं. साखरेचं ऐकून हसले. म्हणाले, "पोती चारच भिजली होती, बाकीची मी वाचवली." एवढंच बोलले. पैशाबद्दल एक अक्षर नाही. इतक्या वर्षांनी त्यांच्या डोक्यात राहिलंय काय, तर किती पोती वाचवली! आणि हिशोबात लिहिलं गेलं काय, तर किती भिजली. मला पुढं वाचवेना.

राग थोडा उतरलाय, म्हणून आता कामाचं लिहिते. माझ्या मित्रयादीत कारखानदार आहेत, व्यापारी आहेत, ट्रान्सपोर्टवाले तर भरपूर आहेत. ज्यांच्या गेटवर गाड्या येतात त्यांनी गाडी आल्याची तारीख आणि वेळ बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागं लिहून शिक्का मारून द्या, गाडी खाली झाल्याची पण. ड्रायव्हर मागेल म्हणून वाट बघू नका, तो मागत नाही. आणि गाडीवाल्यांनी खेपेच्या हिशोबात थांबल्याच्या दिवसांचा एक रकाना करा, त्यात निदान तुमच्याच लोकलच्या ड्रायव्हरचा एका दिवसाचा पगार धरा. पार्टीकडनं तो वसूल कसा करायचा हे भाडं ठरवताना बोलून घ्या, नंतर नाही.

आमच्या कारखान्यात मी मालकांशी संध्याकाळी बोलले. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, वेळेचं लिहून द्यायला आपलं काय जातंय. पैशाचं अजून कबूल नाहीत. तो विषय मी सोमवारी परत काढणार आहे. वॉचमनसाठी शिक्का मात्र उद्या सकाळी नवी पेठेत करायला टाकते.