सात इंची सुरा आणि पोलिसाची कंबर

इथे अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: अमेरिकन पोलिसाने ड्यूटीवर कुठला फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारा, सुरा लावावा, याची ‘पाच सूत्रं’. पातं किमान सात इंच. धार दोन्ही बाजूंना. स्टील जितकं कडक तितकं चांगलं. सुरा पिस्तुलाच्याच बाजूला. आणि बिल्ला असला की देशभर कुठेही चालतो. खाली एका काळ्या सुऱ्याचा झकास फोटो.

मी टेक्सासमध्ये राहतो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर, पण शनिवारी गॅरेजमध्ये बादलीत दगड भिजत घालून शेजारपाजारच्या सुऱ्यांना धार लावतो. गल्लीतला एक डेप्युटी शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस, त्याचे चाकू माझ्याकडेच आणतो. पातं पाहिलं की त्याचं काय काय झालंय ते कळतं. त्याच्या पात्यावर कधी चिकटपट्टीचा डिंक असतो, कधी प्लास्टिकच्या बंदांनी आलेल्या खाचा, आणि एकदा तर टोकच गायब होतं. कशाने? अपघातात अडकलेलं गाडीचं दार उचकटताना. मारामारीची खूण अजून एकाही पात्यावर दिसलेली नाही.

सात इंचांचं मूळ सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, अमेरिकन मरीन सैनिकांनी वापरलेला का-बार सुरा. त्याचं पातं सात इंची, आणि ते खंदक, खोकी, डबे, झाडंझुडपं यांच्यासाठी होतं. गंमत अशी की त्याच का-बार कंपनीने पोलिसांसाठी म्हणून वेगळा सुरा काढला तेव्हा पातं ठेवलं सव्वादोन इंचांच्या जरा वर. त्याचं नाव टीडीआय. आराखडा जॉन बेनर यांचा; ते स्वतः पोलिसात होते आणि ओहायोमध्ये टॅक्टिकल डिफेन्स इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्था त्यांनी काढलेली. त्या सुऱ्याची मूठ पात्याशी कोन करून वळलेली आहे, जवळपास पिस्तुलाच्या मुठीसारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो वाकडा झालेला वाटतो.

तो वाकडा का, यात चौथ्या सूत्राचं उत्तर आहे. पोलिसाला शस्त्र म्हणून सुरा लागलाच तर तो एका ठरावीक प्रसंगात लागतो: समोरचा अंगाशी भिडलाय आणि पोलिसाच्या होल्स्टरमधलं, म्हणजे पट्ट्यावरच्या खोळीतलं, पिस्तूल ओढतोय. अशा वेळी उजवखोऱ्या पोलिसाचा उजवा हात कुठे असतो? पिस्तुलावर, ते होल्स्टरमध्ये दाबून धरलेला. तो हात सुटला की पिस्तूल गेलं. मग पिस्तुलामागे उजवीकडे लावलेला सुरा काढणार कोण? मोकळा असतो डावा हात, तोही अंगाजवळ आवळलेला. म्हणून सुरा पुढच्या बाजूला, बकलच्या डावीकडे, जिथे डावा हात न बघता पोहोचतो. आणि खेचाखेचीत मनगट फार वळवावं लागू नये म्हणून मूठ वाकडी.

आता त्याच जागी सात इंची पातं आणि वर मूठ लावून पाहा. मी लाकडाची फळी कापून पट्ट्यात खोचली आणि गाडीत बसलो. बसताक्षणी फळीचं एक टोक मांडीत आणि दुसरं बरगडीत. सीटबेल्टची कडी लावायला हात जाईना. पट्ट्यावर आधीच पिस्तूल, मॅगझिन, बेड्या, रेडिओ, टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार), टॉर्च, टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) अशी दाटी असते आणि पोलिसाची निम्मी ड्यूटी गाडीत बसून जाते.

दोन्ही बाजूंना धार? कापायची गोष्ट बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगाला चिकटून असते: सीटबेल्ट, रक्ताने भिजलेली पँट, गळ्यातला दोर. तिथे पात्याची बोथट पाठ माणसाकडे करावी लागते आणि आपला अंगठाही पाठीवरच टेकवावा लागतो. दुधारी पात्याला पाठच नाही. सीटबेल्ट कापायला तर खरं म्हणजे हुकासारखा वळलेला कटर उत्तम. त्याची धार आत लपलेली असते, टोक नसतं, आणि तो नवख्याच्या हातातही कुणाला भोसकत नाही. किंमत एका पिझ्झाएवढी. कपडे कापायला प्रथमोपचाराच्या पेटीतली वाकडी कात्री.

कडक स्टीलचं सूत्र वाचून मात्र मला हसू आलं. पात्याला पाणी देताना कडकपणा वाढवला की एकाच स्टीलमध्ये चिवटपणा घटतो, हे कुठलाही लोहार सांगेल. कडकपणाच्या रॉकवेल मापावर 62 चं पातं पुठ्ठा कापत राहील, पण दार उचकटताना त्याचा तुकडा पडेल. 57-58 चं कदाचित वाकून निभावेल. (दार उचकटायला पहार वापरावी, पण रात्री दोनला कोण शोधतो.) शिवाय व्हॅनेडियम भरपूर असलेली महागडी स्टीलं साध्या दगडाला दाद देत नाहीत, मला हिऱ्याची पट्टी काढावी लागते. आणि कंबरेला दिवसभर घाम असतो. 1095 सारखं कार्बन स्टील टेक्सासच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात गंज धरतं. साधं स्टेनलेस, घरी पाच मिनिटांत धार येणारं, पुरे.

पाचवं सूत्र सर्वांत धोक्याचं. पोलिसांना देशभर लपवून शस्त्र नेऊ देणारा 2004 चा केंद्रीय कायदा बंदुकांपुरता आहे. सुऱ्याचा त्यात समावेश नाही. टेक्सासचा पोलीस सुट्टीवर कॅलिफोर्नियात गेला आणि फिक्स्ड ब्लेड शर्टाखाली लपवला, तर तिथे तो गुन्हा होऊ शकतो. ड्यूटीवरसुद्धा खात्याचे नियम आडवे येतात: सुरा मंजूर यादीत आहे का, त्याचं प्रशिक्षण घेतलंय का. सुरा चालवणं म्हणजे प्राणघातक बळ. त्याला गोळीचंच माप लागतं, 1989 च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालातलं: त्या क्षणी त्या जागी समंजस अधिकाऱ्याने काय केलं असतं. खोक्यावर ‘कमांडो’ लिहिलेला सुरा ज्युरीसमोर कसा दिसेल, याचाही विचार करावा.

हाच मजकूर पुण्या-नाशिकच्या भावंडांनाही पाठवला जातोय, म्हणून एक आडवळण. ‘नऊ इंचांच्या आत सगळं चालतं’ यावर विसंबू नका. नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी हे माप 2016 च्या शस्त्र नियमांतलं आहे खरं, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघाला की सुरा बाळगण्यावरच बंदी येते, लांबी कितीही असो.

फिरत्या मजकुरात एक वाक्य बरोबर आहे: घडीच्या चाकूपेक्षा फिक्स्ड ब्लेड भरवशाचा. एका हाताने, एका झटक्यात निघतो, त्याला कुलूप नाही की वाळू अडकणारी बिजागरी नाही. पण म्यानाबद्दल त्यात अवाक्षर नाही. पोलिसाच्या पट्ट्यावरचा सुरा अटक केलेल्या माणसाच्याही हाताच्या टप्प्यात असतो, त्यामुळे आधी म्यान बघायचं. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं असावं, पातं टक्कन बसावं, आणि उलटं धरून हलवलं तरी सुटू नये.

गेल्या महिन्यात डेप्युटीने नवा सुरा आणला, पाच इंची, महागाचा. पात्याकडे बघायच्या आधी मी म्यान उलटं धरून एकदा झटकलं. सुरा दगडांच्या बादलीत पडला. त्याने तो काढून पँटला पुसला आणि म्यान माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.