पाच छत्र्या, एक हात

पावसाचं चित्र काढायचं मी ठरवलं ते काही पावसावरच्या प्रेमापोटी नव्हे. पावसात माणसं रेनकोट घालतात, एवढाच त्यामागचा हिशेब. रेनकोटखाली खांदे, कंबर, कोपरं असलं काही दाखवावं लागत नाही. पायांत गमबूट, म्हणजे घोटे गेले. हात खिशात. बसथांब्यावर पाच माणसं उभी आहेत, बस येत नाहीये, आणि मला शरीररचनेतलं ओ की ठो कळत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाहीये, असा एकंदर देखावा माझ्या डोळ्यांपुढे होता.

संगणकावर चित्र काढायचा पेन टॅबलेट नवाकोरा. खोक्यावर लिहिलं होतं की स्टायलसला, म्हणजे त्याच्या पेनाला, दाबाच्या ८१९२ पातळ्या कळतात. मला दोनच जमतात. एकीत रेघ उमटतच नाही, आणि दुसरीत नांगर फिरवल्यासारखी उमटते. उरलेल्या ८१९० बहुधा अजून खोक्यातच आहेत.

सुरुवात आजोबांपासून केली. डोकं मोठ्या हौसेने काढलं. चष्मा, जाड भुवया, मिशा, कानावरचे केससुद्धा. मग खाली उतरायला लागले तर कॅनव्हास संपत आलेला. पाय कसेबसे कोंबून बसवले आणि मग शोधाशोध केली. मोठ्या माणसाची उंची म्हणे त्याच्याच डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. लिओनार्दोने १४९० च्या सुमारास वर्तुळात हातपाय पसरून उभा केलेला तो प्रसिद्ध माणूस तर हिशेबाने आठ डोक्यांचा. तान्हं बाळ जेमतेम चार डोक्यांचं. मी आजोबा मोजले. साडेचार. म्हणजे आजोबा नुकतेच रांगायला लागले होते आणि त्यांना मिशा होत्या.

सिलेक्ट करून खाली ओढले, तर मिशांसकट लांबले.

जाणती मंडळी सांगतात, मधूनमधून कॅनव्हास आरशासारखा उलटा करून बघावा. आपलंच चित्र तासन्‌तास बघून नजर निर्ढावते आणि चुका सांभाळून घेते. डावं-उजवं बदललं की ती ओळख विसरते आणि खरं बोलते. केला उलटा. चुका दिसल्या कसल्या, अंगावर धावून आल्या. आजोबांचा एक डोळा कानाशी गुजगोष्टी करत होता आणि हनुवटी दुसऱ्याच घराण्यातली होती. मी घाईघाईने चित्र सुलटं केलं. सुलटे आजोबा बरे होते, पण एकदा दिसलेलं विसरायचं कसं? रात्री जेवताना समोर बसलेल्या नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांची पातळी मी मनातल्या मनात तपासली. एक किंचित खाली आहे. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

मग सराव सुरू केला, जेश्चर ड्रॉइंगचा. तीस सेकंदांत एक अख्खी आकृती. नाक-डोळे काढायचे नाहीत, अंगाचा कल तेवढा पकडायचा. माझे पहिले दहा सेकंद ब्रश निवडण्यात जायचे आणि पुढचे वीस अनडू करण्यात. आठवडाभर कॅनव्हासवर अंगात आलेल्या काड्या नाचत होत्या. शेवटी अनडूला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली (दोनदा). आणि नवव्या दिवशी एक बाई काढली. तिने एका पायावर भार टाकला होता. तसं केलं की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली झुकतो, हे मी वाचलं होतं. पण त्या दोन तिरक्या रेघा काढल्याबरोबर ती बाई खरोखर कंटाळली! बस न आल्याने कंटाळली! चेहरा नव्हता तिला, तरी कंटाळली. मी बराच वेळ नुसती तिच्याकडे बघत बसले. तिला चेहरा द्यायचा धीर आजही झालेला नाही, म्हणून ती पाठमोरी आहे.

यथार्थदर्शनाचं, म्हणजे लांबचं-जवळचं दाखवण्याचं, फार सांगत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाला मी लहान काढून जरा वर सरकवलं, तर तो त्रिशंकू झाला. आपण उभ्याने बघत असू आणि जमीन सपाट असेल, तर आपल्याच उंचीच्या सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, मग माणूस जवळ असो वा लांब. तेवढं कळल्यावर त्याला खाली उतरवला.

पाचही पात्रं उभी राहिली. हात खिशात, सगळं झाकपाक. मी नवऱ्याला बोलावलं. तो ऑफिसातून नुकताच आलेला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “एवढा धो धो पाऊस आणि छत्री एकाकडेही नाही?”

छत्री आपली आपण हवेत राहत नाही. तिला मूठ लागते.

माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात. मी काढलेल्या पहिल्या मुठीत ती सगळी होती, फक्त आपापल्या जागी नव्हती. दुसरी मूठ रबरी मोज्यात वारा भरल्यासारखी. तिसरी प्रमाणशीर वाटली, पण हाताची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढी असते. त्या हिशेबाने आजोबांना बाहुलीचा हात लागला होता.

“अरे, जरा छत्री धरून उभा राहतोस का?”

“घरात?”

“रेफरन्स हवाय.”

उभा राहिला बिचारा, हॉलच्या मधोमध, उघडी छत्री घेऊन. मी खालून, बाजूने, मागून फोटो काढत होते. तेवढ्यात बेल वाजली आणि वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. त्यांनी छत्री पाहिली, मग छत पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “आमच्याकडून नाही हं! आमचा नळ आम्ही कालच बदललाय!” आल्या कशासाठी होत्या ते न सांगताच गेल्या.

त्या फोटोंवरून मात्र हात जमला. अंगठा बोटांवरून कसा येतो, मुठीचे उंचवटे सरळ रेषेत नसून कमानीत कसे असतात, सगळं उतरलं. चार रात्री लागल्या. मनगट कुठे सुरू होतं ते घड्याळाच्या पट्ट्याने छान कळत होतं, म्हणून तेही काढलं. आता असला हात आयुष्यात पुन्हा होणार नाही हे मला माहीत होतं. कॉपी केला. पेस्ट, पेस्ट, उलटा करून पेस्ट, लहान करून पेस्ट. मग सगळे लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, मर्ज करून एकजीव केले; त्यानंतर त्यातलं एकटं काही सुटं करता येत नाही.

नवरा चित्रासमोर बराच वेळ उभा होता. पाऊस छान आलाय म्हणाला. पाठमोऱ्या बाईपाशी थोडा थांबला. मग वाकून अगदी जवळून बघत त्याने विचारलं, “या शाळेतल्या मुलीच्या हातात माझं घड्याळ का आहे?”

“लेअर मर्ज झालाय,” मी म्हटलं.